कॉलेजच्या शिक्षणाचा खरा खर्च
(धर्मग्रामाच्या शतकमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या आठवड्यांत याच व्यासपीठावरून आपण श्रद्धेविषयीं, पूर्वजांच्या त्यागाविषयीं आणि या चर्चच्या बांधणीविषयीं पुष्कळ ऐकिलें. समितीनें माझ्याकडे सोंपविलेला विषय त्या मानानें अगदींच रुक्ष आहे. मुलगा किंवा मुलगी कॉलेजांत गेली, सरकारची किंवा एखाद्या ट्रस्टची मदतही मिळाली, तर त्यानंतर घरच्या पेटींतून खरोखर किती पैसा जातो, एवढाच तो विषय. परंतु या रुक्ष विषयाकडे पाठ फिरविल्यामुळें आपल्याच एका घराचें काय झालें तें मीं जवळून पाहिलें आहे, आणि त्यांत माझाही दोष आहे. म्हणून तेथूनच आरंभ करितों.

कांहीं वर्षांपूर्वीं आपल्या एका हुशार मुलास बाहेरगांवच्या इंजिनियरिंग कॉलेजांत प्रवेश मिळाला. आईबाप दोघेंही मातींत राबणारीं. थोडी केळी, थोडा भाजीपाला, एवढेंच उत्पन्न. शिष्यवृत्तीचा अर्ज मींच भरून दिला. अर्धें शिक्षणशुल्क शासन भरील असें कळल्यावर घरांत आनंदीआनंद झाला. रविवारीं मिस्सेनंतर मुलाचें नांव वाचून दाखविण्यांत आलें. दुसऱ्या वर्षाच्या नाताळांत मुलगा घरीं आला तो परत गेलाच नाहीं. आईच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या, कॉलेजची बाकी थकली होती, आणि ती भरल्यावांचून परीक्षेचा फॉर्म मिळत नव्हता. बाप मला एवढेंच म्हणाला, "मास्तर, अर्धी फी माफ झाली म्हणून पाठविला होता हो." त्या माणसानें मला बोल लाविला नाहीं. लाविला असता तर बरें वाटलें असतें. अर्ज भरून देणाऱ्यानें हिशेबही करून द्यावयाचा असतो, आणि मीं अर्जापलीकडे पाहिलेंच नव्हतें.

शुभवर्तमानांत बुरूज बांधूं पाहणाऱ्या माणसाचा दृष्टांत आहे. पाया घालण्यापूर्वीं बसून खर्च मोजावा, नाहीं तर काम अर्धवट राहून लोकांत हंसें होतें, असा त्याचा आशय. प्रवचनांत आपण त्याचा आध्यात्मिक अर्थ घेतों, तो योग्यच आहे. परंतु सुताराच्या घरांत वाढलेल्या प्रभूला गांवांतली अर्धवट राहिलेली भिंत कशी दिसते हें ठाऊक असलें पाहिजे, असें मला नेहमीं वाटतें.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. आपल्या वडिलांच्या काळीं नादारी नांवाची चीज होती. पूर्ण नादारी म्हणजे पूर्ण फी माफ, अर्धी नादारी म्हणजे अर्धी. मुलगा घरची भाकर खाऊन पायीं शाळेंत जाई. त्यामुळें फी म्हणजेच बहुतेक सगळा खर्च, आणि अर्धी फी माफ म्हणजे अर्धा खर्च माफ, हें गणित तेव्हां फारसें चुकत नसे. तें गणित आपल्या डोक्यांतून अजून गेलेलें नाहीं. आजच्या कॉलेजांत मात्र फी हा शब्दच एका रकमेचा राहिलेला नाहीं. शिक्षणशुल्क निराळें, विकासशुल्क निराळें, परीक्षाशुल्क निराळें, त्यावर ग्रंथालय, प्रयोगशाळा, अनामत रक्कम आणि वसतिगृह. शासनाची मदत यांपैकीं कोणत्या ओळीवर लागते हा पहिला प्रश्न. आपल्या राज्याची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ति योजना पाहा. ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असणाऱ्या घरच्या विद्यार्थ्यास व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्काचा व परीक्षाशुल्काचा अर्धा भाग मिळतो. विकासशुल्क त्यांत नाहीं. वसतिगृह नाहीं, जेवण नाहीं.

त्या घराचा हिशेब आज पुन्हां मांडून पाहूं. आंकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. आपल्या कॉलेजचे आंकडे आपण घालावे. समजा, शिक्षणशुल्क १,२०,००० रुपये, विकासशुल्क १२,००० आणि परीक्षा, ग्रंथालय वगैरे किरकोळ मिळून ८,०००. झाले १,४०,०००. वसतिगृह व भोजन ९०,०००. पुस्तकें व उपकरणें १५,०००. प्रवास, कपडे, साबण, औषध यांस आणखी १५,०००. वर्षाचा एकूण खर्च २,६०,००० झाला. बापाच्या मनांत काय होतें? अर्धें माफ, म्हणजे १,३०,०००. प्रत्यक्षांत माफ झालें तें १,२०,००० च्या अर्धें, म्हणजे ६०,०००. परीक्षाशुल्काचा अर्धा भाग लहान असतो, तो येथें सोडून देतों. राहिले २,००,०००. चार वर्षांचे ८ लाख. बापानें मनांत ५ लाख २० हजार धरले होते. मधल्या २ लाख ८० हजारांत त्या मुलाचें शिक्षण बुडालें.

म्हणून माझें पहिलें सांगणें असें कीं, किती टक्के माफ झालें हें विचारूंच नये. सगळ्या खर्चाची बेरीज करावी, तींतून केवळ परत न द्यावयाची मदत वजा करावी, आणि जी बाकी उरेल तिलाच कॉलेजची किंमत म्हणावें.

या रीतीनें पाहिलें कीं कधीं कधीं चमत्कारिक उत्तर येतें. समजा, त्याच मुलास घरापासून लोकलनें जाण्यासारख्या अंतरावर दुसरें कॉलेज मिळत होतें. तेथील सर्व शुल्क मिळून १,५५,००० रुपये, आणि कांहीं कारणानें तेथें मदत एक पैचीही नाहीं. पुस्तकांसाठीं, पाससाठीं आणि बाहेरच्या चहापाण्यासाठीं वर्षाला ३०,००० धरले तरी एकूण १,८५,००० च होतात. म्हणजे मदत नसलेलें कॉलेज मदत असलेल्या कॉलेजपेक्षां वर्षाला १५,००० नें स्वस्त पडलें. येथें कोणी चतुर गृहिणी मला अडवील, कीं मुलगा घरीं राहिला म्हणजे काय जेवत नाहीं? बरोबर आहे. घरच्या ताटाचाही खर्च असतो, आणि तो या बाजूस धरला तर दोन्ही कॉलेजें जवळजवळ सारखीं पडतील. पण निदान आपण मग डोळे उघडे ठेवून दोहोंपैकीं चांगलें शिकविणारें निवडूं. माफीच्या पत्राला भुलून नव्हे.

दुसरी एक रक्कम कोणत्याच पत्रकांत छापलेली नसते. मोठा मुलगा कॉलेजांत गेला नसता तर कोठें तरी कामाला लागला असता. महिना १२,००० धरले तरी वर्षाचे १,४४,००० रुपये घरांत आले असते. सुखवस्तु घराला ही रक्कम जाणवत नाहीं. परंतु ज्या घरांत बाप आजारी आहे आणि धाकटीं दोन शाळेंत आहेत, तेथें न आलेला पगार हाच सर्वांत मोठा खर्च असतो. कला किंवा विज्ञान शाखेच्या अनुदानित कॉलेजांत फी अगदीं थोडी असूनही मुलें मध्येंच कां सोडून जातात, असें आपण पुष्कळदां विचारतों. त्याचें उत्तर फीच्या पावतीवर सांपडत नाहीं.

आतां मदतीच्या वेळेविषयीं थोडें बोलतों, कारण आपल्या लोकांचें खरें नुकसान येथें होतें. शिष्यवृत्ति मंजूर झाली म्हणजे पैसा हातीं आला असें नव्हे. अर्ज महाडीबीटीवर भरावयाचा, कॉलेजनें तपासावयाचा, वरच्या कार्यालयानें तपासावयाचा, आणि मग रक्कम आधारशीं जोडलेल्या बँकखात्यांत यावयाची. कॉलेजला पैसे हवे असतात ते प्रवेशाच्या दिवशीं. मधल्या काळासाठीं तो माणूस सावकाराकडे गेला. शेंकडा ३ रुपये दरमहा या दरानें ६०,००० रुपयांचें एका वर्षाचें व्याज २१,६०० होतें. म्हणजे शासनानें दिले ६०,०००, परंतु त्या घराला पोंचले ३८,४००. सोनें बँकेंत तारण ठेवून शेंकडा १२ च्या वार्षिक दरानें तीच रक्कम घेतली असती तर व्याज ७,२०० पडलें असतें. दर महिन्याचा कीं वर्षाचा, हें विचारण्याचा संकोच आपल्या लोकांना फार महागांत पडतो.

योजनांना अटीही असतात, आणि त्या दुसऱ्या वर्षीं आठवतात. अर्जाचें नूतनीकरण दरवर्षीं करावें लागतें. वर्गांत निदान ५० टक्के हजेरी लागते. प्रवेश केंद्रीय प्रवेशप्रक्रियेंतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापनाच्या जागेवर पैसे मोजून बसलेल्या मुलास शाहू महाराजांच्या नांवाची ही सवलत मिळत नाहीं. या योजनेचा लाभ एका कुटुंबांतील दोनच मुलांना मिळतो, हेंही ध्यानांत असूं द्या. आपल्यांतील कांहीं घरांत तिसरें लेकरूंच सर्वांत हुशार निघतें. आणखी एक गैरसमज. अल्पसंख्याक संस्थेंत आपल्या समाजासाठीं राखलेल्या जागेवर प्रवेश मिळाला म्हणजे फी कमी झाली, असें पुष्कळांना वाटतें. जागा मिळणें आणि फी कमी होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीं राज्याची निराळी शिष्यवृत्ति आहे, तिचा अर्ज निराळा करावा लागतो, आणि शुल्कासाठींच्या दोन सरकारी शिष्यवृत्त्या एकत्र घेतां येत नाहींत. कोणती जास्त पडते तें आधीं मोजावें. वसतिगृहांत राहणाऱ्यांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवें निर्वाहभत्त्याची योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना ती उपयोगी पडते. मीं सांगितलेल्या घराला ती मिळूं शकली असती. मला तेव्हां ती ठाऊक नव्हती.

मुलींच्या आईबापांस एक शब्द. जुलै २०२४ मध्यें राज्य शासनानें ठराविक प्रवर्गांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींसाठीं व्यावसायिक अभ्यासक्रमाचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण देण्याचा निर्णय घेतला. आपली मुलगी त्या प्रवर्गांत व त्या अभ्यासक्रमांत बसते कीं नाहीं हें प्रवेशापूर्वीं कागद पाहून ठरवावें. बसत असेल तर वरच्या हिशेबांत ६०,००० ऐवजीं १,२०,००० वजा होतात आणि २,६०,००० चे १,४०,००० राहतात. मुलीचें शिक्षण फुकट झालें, असें वर्तमानपत्र वाचून म्हणूं नये. परंतु मुलाला पाठवूं, मुलीचें पुढें पाहूं, असें म्हणणाऱ्या घरानेंही हा आंकडा एकदां कागदावर मांडावा.

कर्जाविषयीं बोलतांना मला थोडें जपून बोलावें लागतें, कारण आपल्या वसईच्या कॅथॉलिकांनीं सावकाराच्या तावडींतून सुटण्यासाठीं १९१८ सालींच स्वतःची पतपेढी उभी केली. कर्जाची भीति आणि कर्जाचा उपयोग हीं दोन्ही आपण आजोबांकडून शिकलों आहों. परंतु बँकेनें शैक्षणिक कर्ज मंजूर केलें कीं आपण म्हणतों, मुलाची सोय झाली, आणि तें शिष्यवृत्तीच्या ओळींत मांडतों. कर्ज ही मदत खरी, पण ती किंमत कमी करीत नाहीं; ती किंमत पुढें ढकलते, आणि ढकलतांना वाढविते. वरच्या घरानें दरवर्षी २ लाखांप्रमाणें चार वर्षें कर्ज घेतलें असतें तर काय झालें असतें? शिक्षण चालू असतांना व त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो, परंतु व्याज चालूच असतें. शेंकडा १० च्या सरळव्याजानें पहिल्या वर्षाच्या रकमेवर पांच वर्षांचें १,००,०००, दुसऱ्या वर्षाच्या रकमेवर ८०,०००, तिसऱ्यावर ६०,०००, चौथ्यावर ४०,०००. एकूण २,८०,०००. हप्ते सुरू होतांना ८ लाखांचे १० लाख ८० हजार झालेले असतात. तें दहा वर्षांत फेडावयाचें तर महिना सुमारें १४,३०० रुपये, आणि अखेरपर्यंत सुमारें १७ लाख १२ हजार बँकेंत जातात. नव्यानें नोकरीस लागलेल्या मुलाच्या पगारांतून १४,३०० गेले म्हणजे काय उरतें, याचा विचार कर्जाच्या कागदावर सही करण्याआधीं बापानें आणि मुलानें एकत्र बसून करावा. पुष्कळ घरांत बाप आंकडे मुलापासून लपवितो. तें प्रेमच असतें, परंतु तें प्रेम मुलाला अंधारांत ठेवतें.

त्यांतही बचतीची एक वाट आहे. शिकत असतांनाच व्याज भरीत गेलें, म्हणजे पहिल्या वर्षी महिना १,६६७ रुपये, पुढें वाढत वाढत, तर हप्ता सुमारें १०,६०० वर येतो आणि एकंदरींत सुमारें १ लाख ६४ हजार वांचतात. आणि कर्जाच्या पोटांतही खरी देणगी दडलेली असूं शकते. वार्षिक उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असलेल्या घरांसाठीं केंद्र शासनानें २००९ सालीं व्याजाच्या अनुदानाची योजना काढली. तींत तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या व त्यानंतरच्या एका वर्षाच्या काळांतील व्याज शासन भरतें. आमच्या उदाहरणांतले तेच २,८०,०००. नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेंत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांस, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या काळांत ३ टक्के व्याजाची सूट आहे. मात्र दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याजसवलतीचा लाभ घेणाऱ्यास ती मिळत नाहीं. बँकेचा कारकून हें आपण होऊन सांगेलच असें नाहीं. विचारावें लागतें.

परदेशाची हौस आपल्या तरुणांत वाढत आहे म्हणून दोन वाक्यें. अमेरिकेंत पदवीच्या कॉलेजांची छापील किंमत आणि विद्यार्थ्यावर पडणारी किंमत यांत एवढें अंतर असतें कीं, २०११ पासून तेथील कायद्यानें सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजास मदत वजा जातां काय उरेल याचा अंदाज देणारें गणनयंत्र आपल्या संकेतस्थळावर ठेवणें भाग पाडिलें. परंतु तें मुख्यतः तेथल्याच मुलांसाठीं आहे. आपल्या मुलानें पाहावयाचा कागद म्हणजे कॉलेजकडून येणारा आय-२० फॉर्म. त्यावर शिकवणीचा व राहण्याचा अंदाजी खर्च एकीकडे आणि कॉलेज देणार असलेली रक्कम दुसरीकडे छापलेली असते. वजाबाकी मात्र आपणच करावयाची. तेथें जाऊन काम करून भागवीन, असें मुलगा म्हणाला तर त्याला सांगावें कीं शिकवणी चालू असतांना कॉलेजच्या आवारांत आठवड्यास २० तासांपर्यंतच काम करितां येतें.

आतां आपल्या धर्मग्रामाकडे येतों. महोत्सवाच्या निधींतून गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करावयाचें ठरलें आहे. शाल, फूल, पाकीट, छायाचित्र. सत्काराला माझा विरोध नाहीं. परंतु पहिल्या वर्षाच्या पहिल्या दिवशीं दिलेले ५,००० रुपये त्या मुलाला दुसऱ्या वर्षाच्या नाताळांत उपयोगी पडले नसते. त्याला हवे होते ते शासनाची रक्कम खात्यांत येईपर्यंतचे ६०,०००, बिनव्याजी, आणि ती आल्यावर परत घ्यावयाचे. असा पैसा संपत नाहीं. एका मुलाचा परत आला कीं दुसऱ्याच्या कामाला लागतो. १८३३ सालीं पॅरिसच्या विद्यापीठांतील ज्या विद्यार्थ्यांनीं फ्रेदेरीक ओझानामबरोबर संत विन्सेंट दी पॉलच्या नांवानें मंडळ स्थापिलें, ते गरिबांच्या घरीं जाऊन मदत देत, आणि घरीं गेल्यावांचून गरज कळत नाहीं हें त्यांस लवकरच उमगलें होतें. महोत्सव निधीचा एक भाग अशा बिनव्याजी उचलीसाठीं राखावा, अशी लेखी विनंती मीं समितीस केली आहे. कोणी म्हणतील पैसे बुडतील. कांहीं बुडतीलही. परंतु सत्काराच्या पाकिटांतले सगळेच जातात, आणि त्याला आपण बुडणें म्हणत नाहीं.

तोंवर, येत्या रविवारपासून सकाळच्या दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या पहिल्या वर्गांत मी आणि दोन तरुण मित्र टेबल मांडून बसणार आहों. येतांना कॉलेजचें संपूर्ण शुल्कपत्रक, उत्पन्नाचा दाखला, मुलाचें बँकखातें आधारशीं जोडलें असल्याचा कागद आणि कर्ज घ्यावयाचें असल्यास बँकेचें पत्र आणावें. प्रवेश मिळाल्याचें पत्र नुसतें आणूं नये, त्यावर खरा आंकडा नसतो. आणि ज्याला शिकावयाचें आहे त्या मुलाला किंवा मुलीला बरोबर आणावें. बेरीज तिनेंच किंवा त्यानेंच करावयाची आहे.